रेडिओचा फेरफार

मोटार कोणाच्या नावावर आहे, पेट्रोल कोणाच्या पगारातून भरले जाते आणि चाक कोणाच्या हाती आहे, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली म्हणजे त्या मोटारीवर अंमल कोणाचा हे कळले, असे ज्यांना वाटते त्यांनी सहकुटुंब मोटारप्रवास कधी केला नसावा. मालकी सरकारदप्तरी नोंदलेली असते. अंमल मात्र रेडिओचा कान ज्याच्या हाताला लागतो त्याचा असतो. उजव्या अंगास बसून जो गृहस्थ क्लच, ब्रेक, बैलगाड्या, सायकली आणि तंजावर जिल्ह्यातील भर रस्त्यावर वाळत घातलेले भात या सर्वांचा एकाच वेळी परामर्श घेत असतो, त्याला वाटेत काय ऐकावे हे ठरविण्याचा किंचित तरी अधिकार असावा, ही कल्पना तर्कशास्त्राला कितीही संमत असली तरी कौटुंबिक वहिवाटीला ती संमत असतेच असे नाही.

वास्तविक मोटारीतील रेडिओच्या विद्येच्या आद्य आचार्यांना हा प्रश्न चांगला ठाऊक होता. अमेरिकेत 1930 साली पॉल गॅल्विन आणि त्याचा भाऊ जोसेफ यांनी ‘मोटोरोला’ या नावाने मोटारीचा रेडिओ विक्रीस आणला, त्या पिढीतील रेडिओ एका जागी मावतच नसत. यंत्र एकीकडे, स्पीकर दुसरीकडे आणि त्यांना लागणाऱ्या जादा बॅटऱ्या तिसरीकडे, अशी त्यांची विभक्त कुटुंबे गाडीभर पसरलेली असत. त्यानंतर दोनच वर्षांनी जर्मनीत ब्लाउपुंक्ट छापाचा ‘ए. एस. 5’ हा रेडिओ निघाला. त्याची किंमत अख्ख्या मोटारीच्या किमतीच्या सुमारे एकतृतीयांश होती, आणि आकार असा की डॅशबोर्डात त्याला थारा मिळणे अशक्य. परंतु त्याची कळ तेवढी त्या जर्मन कारागिरांनी सुकाणूच्या दांड्यावर आणून बसविली होती. म्हणजे गाडी हाकणाऱ्याचा रेडिओवरील हक्क युरोपात 1932 सालीच रुजू झाला होता. आजकाल 180 मिलिमीटर लांब आणि 50 मिलिमीटर उंच असे एकच माप जगभर ठरून गेल्यामुळे आणि सुकाणूवर पुन्हा बटणे उगवल्यामुळे नव्या पिढीला या हक्कासाठी झगडावे लागत नाही. आमच्या वेळी गाडी कारखान्यातून बहुधा मुकी येई. तिला वाचा फुटायची ती बाजारातून आणलेल्या रेडिओने, आणि तो कोठे टांगायचा हे ज्याच्या हातात पक्कड असेल तो मिस्त्री ठरवी.

आमची गाडी फियाट होती. कागदोपत्री तिचे नाव प्रीमियर पद्मिनी. पण पद्मिनीला पद्मिनी म्हणणारा मनुष्य मला उभ्या तंजावरात भेटला नाही. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी काढलेल्या कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती जन्मली, या गोष्टीचा आमच्या मामांना विलक्षण अभिमान होता. 1676 च्या सुमारास व्यंकोजीराजांनी तंजावरात मराठ्यांची गादी स्थापन केली, त्यानंतर महाराष्ट्रातून इकडे आलेली ही दुसरी दखलपात्र स्वारी, असे ते गाडीचा परिचय करून देताना सांगत. मामांनी उमेदीची वर्षे मोडी कागद वाचण्यात घालविली होती. त्यामुळे त्यांच्या बोलण्यात, आणि पुढे पुढे त्यांच्या विचारातही, दोनशे वर्षांपूर्वीच्या दरबारी कारकुनाचा संचार होई. चहा हवा असला तरी ते चहाची ‘तजवीज’ करावयास सांगत.

गाडीच्या पुढच्या सलग बाकावर डाव्या टोकाला मामा बसत, आणि ज्या मिस्त्रीने रेडिओ बसविला त्याने तो नेमका मामांच्या गुडघ्यासमोर, डॅशबोर्डाच्या खालच्या कडेला दोन लोखंडी पट्ट्यांनी टांगला होता. वायर कमी लागावी एवढाच त्याचा हेतू. कारण एरियल डाव्या बाजूला होते. परंतु इतिहासात अशाच किरकोळ काटकसरीतून राजवटी जन्माला येतात. मामांची जागा आणि रेडिओची जागा एकत्र आल्याबरोबर त्या दोहोंचे मिळून एक संस्थान झाले.

माझी अवस्था कशी होती हे तंजावरच्या वाचकाला एका वाक्यात सांगता येईल. 1799 च्या तहाने सरफोजीराजांकडे किल्ला आणि त्याच्या आसपासचा थोडा मुलूख तेवढा राहिला व बाकीच्या राज्याचा कारभार कंपनी सरकारने आपल्याकडे घेतला. माझ्याकडे सुकाणू, गिअरचा दांडा आणि हॉर्न राहिला होता. सरफोजीराजांना निदान वसुलाचा पाचवा हिस्सा तरी मिळे.

मामांच्या कारभाराविरुद्ध प्रजेत असंतोष होता. आक्काला, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीला, तिरुच्चीचे केंद्र हवे असे. 1939 साली सुरू झालेले हे केंद्र आमच्यापासून जेमतेम 55 किलोमीटरवर, आणि त्यावरचे कर्नाटक संगीत ऐकून वाढलेली आक्का राग ओळखण्याच्या बाबतीत कोणाचीही गय करीत नसे. सौभाग्यवतींचा ओढा सिलोनच्या तमिळ सिनेगीतांकडे. समुद्रापलीकडून येणारे ते सूर आमच्या भागात इतके स्वच्छ ऐकू येत, की सिलोन हा तंजावरचा एखादा तालुका वाटावा. मामांना यांतले काहीच नको असे. त्यांना हवी असे मुंबई, आणि तीही मराठी. आता मध्यम लहरींचा स्वभाव असा, की दिवसा वातावरणाच्या वरच्या थरात त्या जिरून जातात आणि सूर्यास्तानंतर तो थर विरला म्हणजे आकाशावर आपटून दूरदूरच्या प्रदेशात उतरतात. साहजिकच मामा दिवसभर खरखर ऐकत आणि ती बंद करू देत नसत. ‘येईल, येईल’ म्हणत. आणि खरोखरच, रात्री सगळे निजल्यावर, दक्षिण राजवीथीवर उभ्या असलेल्या, कोठेही न जाणाऱ्या गाडीत ते जाऊन बसत तेव्हा मुंबईचा मराठी आवाज मधूनमधून येई. कधी बाजारभाव, कधी कीर्तन, कधी हवामानाचा अंदाज. कोकणात तुरळक सरी पडणार हे ऐकून तंजावरातील मामा समाधानाने घरात येत. सकाळी गाडीची बॅटरी उतरलेली असे आणि ती ढकलण्यासाठी सारी आळी गोळा होई.

हा सारा अनर्थ निस्तरण्याचा उपाय एकच होता: रेडिओ मामांच्या गुडघ्यासमोरून काढून डॅशबोर्डाच्या मध्यावर, माझ्या डाव्या हाताच्या टप्प्यात आणणे, आणि त्याची वीज थेट बॅटरीतून न घेता किल्लीच्या मार्फत घेणे. त्याला मुहूर्तही आयता चालून आला. पौष वद्य पंचमीला तिरुवैयारूला त्यागराजांची आराधना असते. शेकडो गायक-वादक समाधीसमोर बसून त्यांच्या पाच रत्नकृती एकस्वराने गातात आणि आकाशवाणी तो सोहळा जागच्या जागी प्रक्षेपित करते. आम्ही निघणार उशिरा, हे घरातील स्त्री-पुरुषांच्या तयारीचा इतिहास पाहता निश्चित होते. तेव्हा निदान पहिली रत्ने तरी वाटेत ऐकू यावीत, अशी आक्काची मागणी. सरफोजीराजांच्या दरबाराचे बोलावणे ज्यांनी नाकारले आणि आपली जागा सोडली नाही, अशी ज्यांची आख्यायिका आहे, त्या सत्पुरुषाच्या उत्सवासाठी रेडिओची जागा बदलावी यातील विसंगती मामांनी तत्काळ निदर्शनास आणली. तिची नोंद घेण्यात आली.

काम मिस्त्रीकडे न देता स्वहस्ते करावे असे मी ठरविले. ‘स्वहस्ते’ हे क्रियाविशेषण तंजावरात फार सैलपणे वापरावे लागते. रस्त्यावर एखाद्याने बॉनेट उघडले, की तो एकटा राहत नाही. मी बॅटरीचे ऋण टोक सोडवून बाजूला करीत होतो, तोवर कोपऱ्यावरचा सायकलवाला, निवृत्त पोस्टमास्तर, आणि जवळच वीणा घडविणाऱ्या कारखान्यातील एक वयस्क आसारी असे मंडळ जमले. तारायंत्राचा 1885 चा आणि बिनतारीचा 1933 चा असे दोन कायदे पोस्टमास्तरांना मुखोद्गत होते, आणि रेडिओचा परवाना त्या काळी टपालकचेरीतूनच मिळत असल्यामुळे त्यांनी प्रथम तो पाहावयास मागितला. परवान्यात रेडिओ गाडीच्या कोणत्या भागात असावा याविषयी अवाक्षरही नाही, अशी खातरजमा झाल्यावर त्यांनी काम पुढे चालविण्यास हरकत नसल्याचे सांगितले.

रेडिओच्या पाठीमागे हात घातल्यावर ध्यानात येते की डॅशबोर्ड ही केवळ एक दर्शनी भिंत आहे. मागे एक जुनी, दाट वस्ती आहे. कोणती वायर कोठून येते आणि कोठे जाते याला तर्क नसतो, वहिवाट असते. रंगांवर भरवसा ठेवावा तर मागच्या मिस्त्रीने, जवळ जो तुकडा होता तो जोडलेला. लाल वायर मध्येच टेपच्या गाठोड्यात शिरते आणि हिरवी होऊन बाहेर पडते. या बाबतीत मी सरफोजीराजांचा कित्ता गिरविला. त्यांच्या काळी नेत्ररोग्यांच्या डोळ्यांची रंगीत चित्रे काढून त्यांखाली रोगाची आणि उपचाराची हकीकत लिहून ठेवीत. ते कागद आजही तंजावरात आहेत. मीही एकेक वायर सोडविण्यापूर्वी तिचे चित्र काढले, तिच्या टोकाला कागदी चिठ्ठी बांधली आणि चिठ्ठीवर क्रमांक घातला. मामांनी, विरोधी पक्षात असूनही, केवळ दप्तराच्या प्रेमापोटी त्या चिठ्ठ्या आपल्या सुवाच्य अक्षरात लिहून दिल्या. त्या मोडीत होत्या.

आता नव्या जागेचा प्रश्न. डॅशबोर्डाच्या मध्यभागी वरच्या अंगास गणपती, त्याच्या शेजारी तळहाताएवढे खंडोबाचे चित्र आणि त्यांच्यापुढे एक तंजावरची डुलणारी बाहुली, असा कायमचा बंदोबस्त होता. ही बाहुली ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो, की तिचा तळ गोलाकार आणि जड असतो; तिला कोणत्याही दिशेने आडवी पाडा, ती दोन झोके घेऊन पुन्हा होती तशीच उभी राहते. स्थानांतराच्या कोणत्याही प्रस्तावाला याहून स्पष्ट उत्तर देता येणार नाही. रेडिओ देवांच्या वर येता कामा नये, असे आक्काने बजावले. खाली आला तर देवांच्या पायांशी सिनेमाची गाणी वाजतील, असे मामांनी बजावले. आणि ‘अहो, मग देवांना काय आवडते ते त्यांनाच विचारा की,’ असे सौभाग्यवतींनी सुचविले. अखेर देव होते तेथेच ठेवून, रेडिओ त्यांच्याखाली चार बोटांच्या अंतरावर आणि कडेला किंचित सरकवून बसवावा, म्हणजे तो त्यांच्या सन्निध राहील पण सेवेत राहणार नाही, असा तोडगा निघाला.

रेडिओ पेलण्यासाठी काही तरी आधार हवा होता. तो आसाऱ्याने दिला. तंजावरची वीणा फणसाच्या लाकडाची करतात; त्याच्या कारखान्यात त्या लाकडाचे तुकडे पडलेलेच असत. गिरमिट, पटाशी आणि कानस एवढ्यावर त्याने पाहता पाहता एक असे सुबक घर कोरून काढले, की रेडिओला आपण अधिक चांगल्या कुळात जन्मावयास हवे होते असे वाटावे. पुढे ते घर डॅशबोर्डाला स्क्रूने न ठोकता मेणाने चिकटवावे, असा आग्रह त्याने धरला. वीणेचे चोवीस पडदे मेण आणि कोळशाची पूड यांच्या मिश्रणातच बसविलेले असतात. पूर्वी ते सरकविता येत, ते एका जागी कायम करण्याची पद्धत रघुनाथ नायकाच्या कारकिर्दीत, म्हणजे सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात, रूढ झाली, आणि तेव्हापासून तक्रार आलेली नाही, असा त्याचा दाखला. वीणा दिवाणखान्यात सावलीत असते आणि फियाट चैत्र-वैशाखात राजवीथीवर उन्हात उभी असते, हे मी त्याला सांगून पाहिले. ‘पात्तुक्कलाम, सार्,’ असे तो म्हणाला; बघून घेऊ, असा त्याचा अर्थ होत असला तरी मेण पातळ झाल्यावर रेडिओ माझ्या पायांवर पडणार आहे हे बघून घेण्याचे काम माझ्याकडेच येणार होते. मी हातड्रिल उचलले. पत्र्याच्या मागे कोणती वायर जाते ते बोटांनी चाचपून, मगच चार भोके पाडली, आणि स्क्रूखाली रबरी वायसर घातले.

अर्थिंगची वायर गाडीच्या अंगाला लावण्यापूर्वी तेथला रंग पॉलिश पेपरने खरवडून लख्ख पत्रा उघडा करावा लागतो, नाही तर रेडिओ सर्व केंद्रांवर एकच गुरगुर प्रसारित करतो. ते झाले. एरियलची वायर नव्या जागेपर्यंत पोचेना, म्हणून तिला पुरवणी जोडावी लागली. आणि एरियलची लांबी बदलली की रेडिओच्या पोटातील एक इवलासा स्क्रू पुन्हा जुळवून घ्यावा लागतो, ही गोष्ट मिस्त्री लोक क्वचितच सांगतात. तो जुळविण्याची रीत अशी: पट्टीच्या वरच्या टोकाकडचे, जेमतेम ऐकू येणारे एखादे दुबळे केंद्र लावायचे, आणि बारीक स्क्रू-ड्रायव्हरने तो स्क्रू केसभर डावीकडे, केसभर उजवीकडे असा फिरवीत, आवाज जास्तीत जास्त जेथे होईल तेथे थांबायचे. सशक्त केंद्रावर हे जमत नाही, कारण बलिष्ठाचा आवाज कसाही ऐकू येतोच. आता दुबळे केंद्र ऐकायचे तर शांतता हवी. मी हात वर करून मंडळाला गप्प राहण्याची विनंती केली. ती मान्य करून घेण्यासाठी सायकलवाल्याने सर्वांना मोठ्याने ओरडून सांगितले. पोस्टमास्तरांनी त्याच्या ओरडण्याला हरकत घेतली. आणि एवढ्यात वळणावरून एक वासुदेवासारखा गाणारा, पण वस्तुतः इडियाप्पम विकणारा मनुष्य आला. स्क्रूच्या त्या केसभर अंतरात कुठून तरी एक स्त्रीकंठ आला, मोठा झाला, लहान झाला, पुन्हा मोठा झाला. तेथे मी थांबलो. ‘मोहनम्,’ आक्का घरातून म्हणाली.

किल्लीच्या मार्फत वीज घेण्याच्या कलमावर मात्र मामांनी निर्वाणीचा विरोध केला. गाडी उभी असताना रेडिओ लागत नाही याचा अर्थ मुंबई बंद. दिवसभर चाललेल्या मसलतीत जो तहनामा ठरला त्याची कलमे येणेप्रमाणे: चालत्या गाडीत रेडिओची मुखत्यारी चालकाकडे, रात्री गाडी उभी असता ती मामांकडे, त्यासाठी निराळ्या बटणाची तजवीज आणि मध्ये स्वतंत्र फ्यूज, कोकणातील पावसाचा अंदाज ऐकून झाल्यावर बटण बंद करण्याची जोखीम मामांवर, आणि उभयपक्षी खरखर ऐकण्यास मनाई. मामांनी तारीख शकात घातली.

आराधनेच्या दिवशी आम्ही अपेक्षेप्रमाणे उशिरा निघालो. तंजावरहून तिरुवैयारूला जाताना वडवारू, वेण्णारू, वेट्टारू, कुडमुरुट्टी आणि कावेरी अशा पाच नद्या ओलांडाव्या लागतात; रेडिओ मध्यावर आल्यामुळे काय घडले आहे हे त्यांपैकी पहिल्याच पुलावर उमगले. पूर्वी तो एकट्या मामांच्या हाताला लागत असे. आता तो मामांच्या हाताला थोडा वाकल्यावर लागे, मध्ये बसलेल्या सौभाग्यवतींच्या हाताला मुळीच न वाकता लागे, मागच्या बाकावरून आक्काच्या हाताला पुढे झुकल्यावर लागे, आणि माझ्या हाताला, तो हात गिअरच्या दांड्यावर नसेल तेव्हा, म्हणजे पुलांची, म्हशींची आणि यात्रेकरूंची संख्या पाहता, क्वचितच लागे. एकाधिकारशाही जाऊन लोकशाही आली होती, आणि लोकशाहीत राज्यकर्त्याचे दोन्ही हात कामात गुंतलेले असतात हे मला प्रथमच समजले. वडवारूवर तिरुच्ची, वेण्णारूवर सिलोन, वेट्टारूवर मामांचा मुंबई शोधण्याचा भर दिवसाचा निष्फळ यत्न, असा कारभार सुरू झाला. अवेळीच्या दोन थेंबांसाठी मी वायपर लावला, तेव्हा आणखी एक हक्कदार पुढे आला: रेडिओ त्याच्या मोटारीच्या शेजारी आल्यामुळे वायपरच्या प्रत्येक फेरीची बातमी स्पीकरवरून येऊ लागली. त्याचा ताल चुकत होता, असे आक्काचे म्हणणे पडले. पुढे एक कंडेन्सर बसवून त्याला बेदखल केले. बाकीच्या हक्कदारांसाठी तसा कंडेन्सर बाजारात मिळत नाही.

तरीही मी या फेरफाराला यशस्वीच म्हणतो. रात्रीचे बटण आणि फ्यूज यांमुळे गाडी सकाळी ढकलावी लागण्याचे प्रसंग विरळ झाले. सौभाग्यवतींना सिलोन मिळाले. आराधनेची शेवटची दोन रत्ने तरी कुडमुरुट्टी ओलांडल्यावर सर्वांनी एकमताने ऐकली. कारण त्या वेळी आक्काने पुढे झुकून रेडिओवर हात ठेवला होता आणि तो उचलण्याची कोणाची छाती नव्हती.

त्याच आठवड्यात आक्काने अर्ज गुजरला, की रेडिओ मध्यावर हलविला हे ठीक, परंतु स्पीकर अजून मामांच्या पायाशी आहे; मागच्या बाकावर फक्त मृदंग पोचतो, गाणे पोचत नाही; तरी स्पीकर मागील काचेखाली आणावा. अर्ज मामांनी मोडीत लिहून दिला होता, कारण तहानंतर त्यांचा वेळ रिकामा होता. मी त्यावर ‘विचाराधीन’ असा शेरा मारून तो दाखल करून घेतला. पुढे 1980 च्या दशकात रेडिओच्या परवान्याची पद्धतच उठली, ती फियाटही विकली गेली, आणि तरी आक्का अधूनमधून निकालाची चौकशी करते. मी तिला एवढेच सांगतो, की सरस्वतीमहालात अद्याप न वाचलेले मोडी कागद गठ्ठ्यांनी पडून आहेत; त्यांचा क्रम आधी.